ज्वारीची लागर आणि सोलापूरची शिंदी : पेल्यातल्या चवीचा हिशोब

१/
क्राफ्ट बिअरच्या पाट्यांवर अलीकडे ज्वारी, नाचणी, गूळ, कोकम ही नावे दिसू लागली आहेत. सोबत 'मातीची चव', 'मुळांकडे परत' अशी वाक्ये असतात आणि चव घेऊन परीक्षण लिहिणारे ती जशीच्या तशी उचलतात. ही वाक्ये सोलापूरच्या इतिहासावर घासून पाहिली तर काय उरते, हा या धाग्याचा विषय आहे. भूमिका आधीच सांगितलेली बरी. ज्वारीपासून उत्तम लागर होऊ शकते आणि ती उत्तम झाली तर तिचे कौतुक व्हावे. मात्र तिला सोलापूरच्या परंपरेचे प्रमाणपत्र देण्यापूर्वी, १९३० साली या शहराने शिंदीच्या झाडांवर कुऱ्हाड का चालवली, हे परीक्षकाला ठाऊक असले पाहिजे.

२/
आरंभ पेल्यापासून करू. 'लागर' हा शब्द साठवून ठेवणे या अर्थाच्या जर्मन क्रियापदावरून आला. एल प्रकारची बिअर साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअसला आंबते आणि दोन-तीन आठवड्यांत पिण्याजोगी होते. लागरचे यीस्ट ८ ते १३ अंशांच्या थंडाव्यात संथपणे काम करते. त्यानंतर ती बिअर शून्याच्या आसपासच्या तापमानात कित्येक आठवडे मुरत ठेवावी लागते. या काळात नको ते वास विरतात, गाळ तळाशी बसतो आणि चव स्वच्छ होते. लहान कारखानदाराच्या दृष्टीने हा सगळा काळ खर्चाचा असतो, कारण टाकी अडकून राहते आणि वीज जळत राहते. म्हणूनच अनेक लहान ब्रुअऱ्या एलकडे किंवा गव्हाच्या बिअरकडे वळतात.

३/
लागरची परीक्षा कठीण असते, याचे कारणही हेच. भरपूर हॉप्स, फळे किंवा मसाले घातलेल्या बिअरमध्ये चुका झाकल्या जातात. लागरमध्ये आडोसा नसतो. परीक्षकाने पेला साबणाचा अंशही न राहील असा धुतलेला घ्यावा. बिअर ५ ते ७ अंशांवर असावी. बर्फासारखी गार बिअर जीभ बधिर करते आणि दोष लपवते. आधी फेस पाहावा : तो दाट आहे का, किती वेळ टिकतो, पेल्याच्या कडेला जाळी सोडतो का. मग वास, मग घोट, आणि शेवटी घोट उतरल्यानंतर तोंडात काय उरते ते. चांगल्या लागरचा शेवट कोरडा आणि नेमका असतो. पुढचा घोट घ्यावासा वाटतो, पण तहान लागली म्हणून नव्हे.

४/
इथे मराठी परीक्षकाची पहिली अडचण उभी राहते. शब्द उसने आहेत. उन्हात राहिलेल्या बाटलीतील बिघडलेल्या वासाला पाश्चात्त्य परीक्षक 'स्कंक'चा वास म्हणतात. स्कंक हा अमेरिकेतील प्राणी. सोलापुरात तो कोणी हुंगलेला नाही, तरी शब्द सर्रास वापरला जातो. वास्तविक सोलापूरचे स्वयंपाकघर या कामाला पुरेसे आहे. नीट न उकळलेल्या बिअरला उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास येतो. यीस्टला काम पूर्ण करू दिले नाही तर लोण्याचा वास राहतो. जुनी, हवा लागलेली बिअर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लागते. धान्याची गोडी हुरड्यासारखी आहे की कडक भाकरीच्या करपलेल्या कडेसारखी, हा भेद सोलापूरकर क्षणात करील. उसन्या शब्दांनी चव धूसर होते. ओळखीच्या शब्दांनी ती पकडता येते.

५/
लागरची 'स्वच्छ' चव निसर्गदत्त वाटते, पण ती एकोणिसाव्या शतकाने घडवली. बोहेमियातील पिल्सेन शहराच्या नागरिकांनी १८३८ मध्ये खराब बिअरची पिंपे भर चौकात ओतून दिली, असे सांगितले जाते. १८४२ मध्ये योसेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराने तिथे सोनेरी रंगाची पहिली पिल्सनर तयार केली. त्या भागातील मऊ पाणी, फिकट माल्ट आणि साझ हॉप्स एकत्र आले. १८७० च्या दशकात कार्ल फोन लिंडे यांच्या शीतयंत्राने बर्फाच्या तळघरांची गरज संपवली. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी यीस्टच्या एकाच पेशीपासून शुद्ध वाण वाढवला. तोळामासा प्रकृतीची एक प्रादेशिक बिअर यंत्र आणि विज्ञान यांच्या जोरावर जगभर पोहोचली.

६/
त्या यीस्टची कुळकथाही ऐकण्याजोगी आहे. लागरचे यीस्ट संकरित असते. त्याच्या जनकांपैकी एक म्हणजे पाव आणि एल यांचे परिचित यीस्ट. दुसरा जनक कित्येक वर्षे सापडत नव्हता. २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी तो दक्षिण अमेरिकेतील पॅटागोनियाच्या जंगलात, झाडांवरच्या गाठींमध्ये शोधून काढला. पुढे तिबेट आणि आयर्लंडमध्येही त्याच्या नोंदी झाल्या. 'शुद्ध युरोपीय परंपरा' म्हणून मिरवणाऱ्या पेयाच्या मुळाशीच संकर आहे. तेव्हा ज्वारी घातल्याने लागर भ्रष्ट होते, हा आक्षेप इतिहासाच्या अंगाने टिकत नाही. प्रश्न संकराचा नाही. संकराची गोष्ट कोण सांगतो आणि त्यातून काय वगळतो, हा आहे.

७/
हिंदुस्थानात बिअर आली ती छावण्यांसाठी. एडवर्ड डायर यांनी १८५५ मध्ये हिमालयातील कसौली येथे ब्रुअरी काढली. जालियनवाला बागेत गोळीबार करवणारा रेजिनाल्ड डायर हा त्यांचाच मुलगा. ब्रुअरीसाठी डोंगर निवडला, कारण थंडी तिथे फुकट मिळत होती. सपाटीवर थंडी विकत घ्यावी लागे. १८३३ मध्ये बोस्टनहून जहाजाने बर्फ कलकत्त्याला उतरला आणि पुढे मुंबईलाही येऊ लागला. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जाणाऱ्या सोलापुरात त्या काळी लागर मुरवण्याची कल्पनाही अशक्य होती. १८६० च्या सुमारास इथे रेल्वे आली आणि १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी उभी राहिली. गिरणीच्या भोंग्यावर चालणाऱ्या या शहरातील कष्टकऱ्यांचे पेय लागर नव्हते.

८/
ते पेय होते शिंदी. ओढ्याकाठी वाढणाऱ्या शिंदीच्या झाडाला खाच पाडून मडके बांधायचे. पहाटे उतरवलेला ताजा गोड रस म्हणजे नीरा. ऊन चढू लागताच हवेतले आणि मडक्यातले यीस्ट आपसूक कामाला लागते आणि काही तासांत त्याची शिंदी होते. संध्याकाळपर्यंत ती आंबट होते, दुसऱ्या दिवशी टाकून द्यावी लागते. लागर आणि शिंदी ही आंबवण्याच्या कलेची दोन टोके आहेत. एकीला आठवडे लागतात, दुसरीला तास. एक उष्णतेशी लढते, दुसरी उष्णतेवरच जगते. एकीला टाकी, यंत्र आणि भांडवल हवे. दुसरीला झाड, मडके, कोयता आणि झाडावर चढणारा माणूस पुरतो. जागेची चव म्हणायची तर सोलापूरच्या वैशाखाने घडवलेली चव शिंदीचीच होती.

९/
या दोन टोकांपैकी सरकारला कोणते सोयीचे? मद्यावर राज्यसत्तेची नजर जुनीच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी आहे. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय असे मद्याचे प्रकार आणि त्यांच्या विक्रीचे नियमही तिथे दिले आहेत. इंग्रजी राजवटीने ही नजर महसूलयंत्रात बदलली. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने झाड छेदण्यासाठी परवाना आणि छेदलेल्या झाडावर कर ही व्यवस्था घट्ट केली. विक्रीचे मक्ते दिले जाऊ लागले. कारखान्यातील टाकीला माप लावता येते, कुलूप घालता येते. ओढ्याकाठच्या झाडावर आपोआप आंबणाऱ्या रसाला कुलूप घालता येत नाही. म्हणून प्रत्येक झाडच मोजले गेले.

१०/
दारूच्या या महसुलावर टीका करणारा आवाज गांधीयुगाच्या कितीतरी आधी उठला होता. महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, १८८० मध्ये त्यांनी शहरातील वाढत्या दारू दुकानांना लेखी विरोध केला. नगरपालिका लोकांच्या आरोग्यासाठी खर्च करते आणि त्याच लोकांचे आरोग्य बिघडवणाऱ्या दुकानांना सरकार परवाने देते, ही विसंगती त्यांना खुपत होती. दारूविरोध म्हणजे उच्चवर्णीय सोवळेपणा, असा एक सुलभ समज आज तरुणांमध्ये दिसतो. फुल्यांची भूमिका त्या समजाला छेद देते. ती कष्टकऱ्याच्या घरातून आलेली भूमिका होती.

११/
आता १९३०. मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींनी गुजरातेत ताडाची झाडे तोडण्याचाही कार्यक्रम दिला. ५ मेच्या मध्यरात्रीनंतर त्यांना अटक झाली आणि सोलापूर पेटले. ८ मे रोजी रूपाभवानी परिसरात सत्याग्रहींनी शिंदीची झाडे तोडली. पोलिसांनी धरपकड केली, जमाव खवळला, गोळीबार झाला आणि त्यात शंकर शिवदारे हा तरुण मारला गेला. जमावाने पोलीस चौकी आणि न्यायालय जाळले. पोलीस शहराबाहेर गेले. पुढचे काही दिवस सोलापूरचा कारभार इंग्रजांच्या हातात नव्हता. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला आणि तो जूनअखेरपर्यंत राहिला.

१२/
दोन पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून मल्लाप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. शहरातल्या चार पुतळ्यांमधून आणि पुण्याला धावणाऱ्या हुतात्मा एक्सप्रेसच्या नावातून ही स्मृती आजही रोज समोर येते. लिंगायत, मुसलमान, मराठा आणि मारवाडी अशी ही चार नावे एका दोरात ओवली गेली. या सर्व घटनाक्रमाची ठिणगी मात्र पाठ्यपुस्तकात दोन शब्दांत उरकली जाते : शिंदीची झाडे.

१३/
झाडच का तोडले? मिठाप्रमाणेच शिंदी हा सरकारी उत्पन्नाचा दृश्य, हाताला लागणारा स्रोत होता. मीठ उचलणे आणि झाड पाडणे ही एकाच व्याकरणाची दोन वाक्ये होती. व्यसनमुक्तीची तळमळ त्यात होतीच. तरीही कुऱ्हाडीचा रोख दारूइतकाच अबकारी वसुलीवर होता. या गोष्टीत आणखी एक माणूस उभा आहे आणि त्याचा पुतळा नाही. तो झाडावर चढणारा. त्याची उपजीविका एका बाजूने करात अडकली आणि दुसऱ्या बाजूने आंदोलनात तोडली गेली. हुतात्म्यांचा सन्मान कमी न करताही हे म्हणता येते. आज 'हरवलेल्या स्थानिक चवी'विषयी हळवे होणाऱ्यांनी तर हे म्हटलेच पाहिजे.

१४/
सोलापूर एकटे नव्हते. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात ज्वारीपासून घरोघरी बिअर होत असे आणि ती स्त्रिया करत. डर्बन नगरपालिकेने १९०९ पासून ती बिअर विकण्याचा मक्ता स्वतःकडे घेतला. घरी बिअर करणे गुन्हा ठरले आणि पालिकेच्या बिअरगृहांच्या नफ्यातून आफ्रिकन कामगारांवर देखरेख ठेवणारी यंत्रणा पोसली गेली. १९२९ मध्ये डर्बनच्या कामगारांनी या बिअरगृहांवर बहिष्कार टाकला आणि नाताळमधील अनेक गावांत स्त्रियांनी त्यांवर मोर्चे नेले. सोलापूरच्या उठावाच्या अगदी एक वर्ष आधीची ही घटना. तिथे लोक आपले पेय वाचवायला उठले, इथे तोडायला. दोन्हीकडे संतापाचे कारण सारखे होते : पेल्यातून वसूल होणारा पैसा आणि त्यावर चालणारे परके राज्य.

१५/
स्वातंत्र्यानंतर काय झाले? १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. तोच आज महाराष्ट्राचा कायदा आहे, आणि कागदोपत्री पिणाऱ्यालाही परवाना लागतो. नाव दारूबंदीचे, काम नियंत्रणाचे आणि महसुलाचे. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या चौकटीत कारखान्याची बाटली नीट बसली. झाडावरची शिंदी आक्रसत गेली आणि अनेक ठिकाणी भेसळीच्या बदनामीने तिचे उरलेसुरले नावही गेले. २००९ मध्ये पुण्यात राज्यातील पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली. परवान्याच्या पायरीवर एक नवी जागा तयार झाली, पण ती टाकीसाठी होती, मडक्यासाठी नव्हती. ज्या सोलापुरात शिंदीचे झाड हे लढ्याचे चिन्ह बनले, तिथल्या ज्वारीची लागर पुण्या-मुंबईच्या टाकीतून 'परंपरा' म्हणून परत येते, त्यामागे हा १८७८ पासूनचा कायदा आहे.

१६/
आता ज्वारीकडे. सोलापूर जिल्हा हा रब्बी ज्वारीचा प्रदेश. मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीतील ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेला मालदांडी ३५-१ हा वाण पिढ्यान्‌पिढ्या पेरला गेला. रब्बी ज्वारीच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्रही सोलापुरातच आहे. पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर हे पीक उभे राहते आणि धान्याइतकाच त्याचा कडबा मोलाचा असतो. ज्वारी आंबवण्याची ओळखही इथे नवी नाही. ज्वारीच्या पिठाची आंबील उन्हाळ्यात आजही होते. मात्र आंबील म्हणजे बिअर नव्हे. तिला बिअरची आजी ठरवणारी जाहिरात इतिहासाची नाही, विक्रीची असते.

१७/
ज्वारीची लागर करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे. परीक्षणात गुण द्यायचे तर ते इथे द्यावेत. ज्वारीतील पिष्ट बार्लीपेक्षा बऱ्याच अधिक तापमानाला फुलते, आणि पिष्टाची साखर करणारी विकरे ज्वारीच्या माल्टमध्ये तुलनेने कमी असतात. म्हणून ज्वारी वेगळी शिजवून बार्लीच्या माल्टमध्ये मिसळतात किंवा बाहेरून विकरे घालतात. हे जमते, याचा मोठा पुरावा नायजेरियाचा. तिथल्या सरकारने १९८८ पासून बार्ली माल्टची आयात बंद केली. मोठमोठ्या कंपन्यांना ज्वारी आणि मक्याकडे वळावे लागले आणि त्यांनी त्यापासून बाजारात खपणारी लागर केली. तिथेही चव बदलण्याचा निर्णय जिभेने घेतला नव्हता, धोरणाने घेतला होता.

१८/
यातून परीक्षकासाठी पहिला प्रश्न निघतो : पाटीवर ज्वारी आहे, टाकीत किती आहे? पाच टक्के ज्वारी आणि उरलेली बार्ली, असे असेल तर ती सजावट आहे. तीस-चाळीस टक्के ज्वारी घालून फेस टिकवला, शेवट कोरडा ठेवला आणि धान्याचा हलका भाकरीसारखा गंध राखला, तर ते कसब आहे. दुसरा प्रश्न : ज्वारी कोणाकडून, कोणत्या भावाने? २००७ मध्ये राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क तयार करणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण आणले, तेव्हाही शेतकऱ्याचे हित हेच कारण पुढे केले गेले. अभय बंग यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्याला कडाडून विरोध केला. क्राफ्ट ब्रुअरीची गरज त्या कारखान्यांच्या मानाने चिमूटभर असते. पण शेतकऱ्याचे नाव घेतले की त्याचा हिशोबही दाखवावा लागतो.

१९/
तिसरा प्रश्न पाण्याचा. एक लिटर बिअर करायला, धुणे-थंड करणे धरून, कित्येक लिटर पाणी लागते. मोठ्या कारखान्यांत चार-सहा लिटर, लहान ठिकाणी अनेकदा त्याहून अधिक. उजनी धरण जवळ असूनही सोलापूरच्या नळांना काही दिवसांच्या अंतराने पाणी येते, हे इथल्या प्रत्येक घराला पाठ आहे. २०१६ च्या दुष्काळात मराठवाड्यातील मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दिला होता. पिल्सेनच्या लागरचे गुणगान करताना तिथल्या मऊ पाण्याचा उल्लेख हमखास होतो. मग इथल्या लागरच्या परीक्षणात इथल्या पाण्याचा उल्लेख अरसिकपणा का ठरावा? पाणी हा चवीचाच भाग आहे.

२०/
चौथा प्रश्न सर्वांत नावडता. दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरांचे काय? महाराष्ट्रात गावातील किंवा प्रभागातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी 'आडव्या बाटली'ला मत दिले तर दुकान बंद करता येते. हा नियम स्त्रियांच्या दीर्घ लढ्यातून आला. चारशे-पाचशे रुपयांचा पेला घेणारा आणि देशी दारूच्या दुकानासमोर उभा राहणारा, हे दोघे एकाच कायद्याखाली आहेत, पण एकाला 'चोखंदळ' म्हणतात आणि दुसऱ्याला 'बेवडा'. परीक्षकाने प्रवचन द्यावे, असे नाही. मात्र कष्टकऱ्याचे पेय गुन्हा आणि भांडवलवाल्याचे पेय संस्कृती, ही १८७८ ची विभागणी आपल्या शब्दांनी पुढे चालू ठेवू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे.

२१/
नावांविषयीही बोलायला हवे. पुण्यातील पहिल्या मायक्रोब्रुअरीचे नाव 'डूलाली'. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहून गोऱ्या सैनिकांची मती फिरे, अशी समजूत होती, त्यावरून इंग्रजीत रूढ झालेला हा शब्द. यात गंमत आहे आणि इतिहासही आहे. तरी बिअरच्या दुनियेला देवळाली आठवली ती गोऱ्या शिपायाच्या तोंडून, हेही लक्षात ठेवावे. उद्या कोणाला '१९३० लागर' किंवा मार्शल लॉच्या नावाची बिअर काढावीशी वाटेल. ती काढू नये. झाडे पाडणाऱ्यांचे आणि त्यानंतर फासावर गेलेल्यांचे स्मरण बाटलीच्या कागदावर छापणे, ही स्थानिकता नव्हे.

२२/
यावर दोन आक्षेप येतील. पहिला : चव ही चव असते, तिच्यावर इतिहासाचे ओझे कशाला? पण 'परंपरा', 'माती', 'मुळे' हे शब्द पाटीवर विक्रेत्यानेच आणले. इतिहास विकायला काढला, तर तो तपासलाही जाणार. दुसरा आक्षेप विरुद्ध बाजूचा : हुतात्म्यांच्या शहरात बिअरची चर्चाच कशाला? त्याचे उत्तर असे की १९३० ची कुऱ्हाड शिंदीच्या महसुलावर होती, आणि तो महसूल आजही राज्याच्या तिजोरीतील मोठी रक्कम आहे. चर्चा टाळल्याने तो कमी होत नाही. नकळत पिणारा आणि नकळत नाक मुरडणारा, दोघेही इतिहासाला सारखेच दूर असतात.

२३/
मग ज्वारीच्या लागरचे चांगले परीक्षण कसे असावे? त्यात फेस, गंध, घोट आणि शेवट यांचे प्रामाणिक वर्णन असावे, आणि ते इथल्या जिभेच्या शब्दांत असावे. दोष असेल तर 'वेगळा प्रयोग' म्हणून झाकू नये. ज्वारीचे प्रमाण, तिचा गाव आणि वाण, पाण्याचा स्रोत, मुरवण्याचा काळ, यांची विचारणा असावी. उत्तर मिळाले नाही तर तसे लिहावे. 'स्थानिक' हा शब्द या उत्तरांनंतर वापरावा, आधी नाही. आणि 'परंपरा' हा शब्द लागरसाठी वापरूच नये. लागर इथे नवी आहे. नवे असण्यात कमीपणा नाही. पिल्सेनची सोनेरी लागरही १८४२ मध्ये नवीच होती.

२४/
सोलापूरला स्वतःच्या चवी आहेत आणि स्वतःचा इतिहास आहे. ज्वारीची लागर त्यात भर घालू शकते, पण शिंदीची जागा घेऊन नाही. शिंदीचे झाड मोजणारा कारकून, त्यावर चढणारा माणूस, ते पाडणारा सत्याग्रही, त्यापायी झालेला गोळीबार आणि फाशी, हे सारे या शहराच्या आंबवलेल्या पेयाच्या इतिहासात आहेत. पेल्यात किती मालदांडी आहे हे विचारणाऱ्याने रूपाभवानीजवळ काय तोडले गेले तेही विचारावे. दोन्ही प्रश्न विचारून मग घोट घेतला, तर परीक्षण पूर्ण होते. आणि दोन्ही प्रश्न विचारून पेला बाजूला ठेवला, तरी ते अपुरे राहत नाही.

(धागा समाप्त. सोलापूरकर वाचकांकडे घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या शिंदी, नीरा आणि मार्शल लॉच्या आठवणी असतील, तर त्यांनी त्या खाली अवश्य नोंदवाव्यात.)